नळीवर आधीच लिहिलेली नाचणी

उत्खननात मिळालेले जळके दाणे कुठल्या वनस्पतीचे ते ओळखणं हे माझं काम. अशा दाण्यांची नळी माझ्या टेबलावर आली तेव्हाच तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘नाचणी. घरातली चूल. जोर्वे काळ.’ दाणे मी अजून पाहिलेही नव्हते. उत्खनन चालवणारे सर ज्येष्ठ आहेत. खापराच्या काठाचा तुकडा हातात घेऊन ते काळ सांगतात आणि तो बरोबर निघतो. पण दीड मिलिमीटरच्या काळ्या गोळीला नुसत्या डोळ्यांनी नाव देता येत नाही. ते कोणालाच येत नाही.

नाचणीचं नाव एवढं मोहात पाडणारं का, तेही सांगते. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ज्वारी आणि बाजरीही आफ्रिकेतल्याच. जोर्वे संस्कृतीची गावं साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळात दख्खनमध्ये नांदत होती. तिथल्या चुलीत नाचणी सापडली तर समुद्रापलीकडच्या संबंधांचा मोठा पुरावा हाती येतो, वर्तमानपत्रात मथळा होतो. असे दावे पूर्वीही झाले आहेत. पुढे दाणे नीट तपासले गेले तेव्हा त्यातले बरेच आपल्याच मातीतल्या बारीक भरडधान्यांचे निघाले. म्हणून या नावापाशी मी जास्तच सावध असते.

भीमेच्या खोऱ्यातली ही काळी माती फार हट्टी. पाण्यात टाकली की तिचे गोळे होतात आणि जळके दाणे त्या गोळ्यांत अडकून तळाशी बसतात. खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवावी लागते, मग पिंपात हलक्या हाताने ढवळायची. कोळसा वर तरंगतो, तो बारीक जाळीवर धरायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला की दाणे तडकतात. जाळी मोठी असली तर राळा, वरी, कोद्रा यांचे दाणे खाली निघून जातात आणि हाती राहतात फक्त गहू, जव, वाटाणा. आजही कित्येक ठिकाणी मातीतून डोळ्यांना दिसतील तेवढेच दाणे वेचले जातात, आणि त्यावरून ‘इथले लोक गहू-जव खात होते’ असं लिहिलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. ते लोक काय खात होते हे त्यातून कळत नाही, वेचणाऱ्याला काय दिसलं तेवढंच कळतं.

या खेपेला माती रीतसर धुतली गेली होती, किती लिटर तेही लिहिलेलं होतं. त्याचं श्रेय सरांच्या हाताखालच्या मुलांना.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला दाणा फिरवला. नाचणीचा दाणा जवळजवळ गोल असतो, पृष्ठभाग खरखरीत आणि अंकुराची जागा लहानशी. माझ्यासमोरचा दाणा पोटाशी चपटा होता. जळताना अंकुर गळून त्याची जी खाच राहते, ती लांब, अरुंद आणि दाण्याच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत गेलेली. काही दाण्यांवर टरफलाचे तुकडे टिकून होते आणि त्यांवर आडव्या बारीक सुरकुत्या. हा राळ्याच्या वंशातला दाणा. शेतातला राळा की त्याचा कपड्यांना चिकटणारा रानभाऊ, एवढंच ठरायचं होतं. आणि रानभाऊ म्हणून त्याला हलका समजू नये. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन स्थळांवर हेच बारीक धान्य ब्राउनटॉप मिलेट (आणखी एक बारीक भरडधान्य), मूग आणि हुलगा यांच्या जोडीने मुख्य अन्न होतं. गहू-जव तिथे नंतर आले.

इथवर काम नेहमीचं होतं. मग नळीच्या तळाशी एक जळका खडा दिसला. फुटलेल्या बाजूने पाहिला तर आत बारीक चघळलेल्या काडीचा लगदा, लव्हाळ्याच्या जातीच्या दोन-तीन बिया, आणि तेच दाणे, टरफलासकट. माणूस धान्य कांडून, टरफल काढून शिजवतो. काडी, लव्हाळा आणि न कांडलेला दाणा एका गोळ्यात कुठे येतात? शेणात. चुलीत गोवरी जळली होती. निदान या खड्यातले दाणे तरी गुराच्या पोटातून चुलीत आले होते.

सरांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, नाचणी नाही हे मी मान्य करतो. पण राळा तर आहे ना? मग यादीत राळा घाला. शेण कशाला मध्ये आणता?”

“सर, शेण मध्ये मी आणलं नाही, ते चुलीतच होतं.”

“अहो, पण वाचणाऱ्याला पीक हवं असतं.”

सर अप्रामाणिक नाहीत. पण आपल्या अहवालांची रीतच अशी की वनस्पतींचं प्रकरण शेवटी परिशिष्टात जातं आणि तिथे एक तक्ता असतो: पिकाचं नाव, आहे की नाही. कोठारातला जव आणि शेणातला राळा त्या तक्त्यात एकाच खुणेने दाखवले जातात.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला, जोर्वे काळातल्याच एका गावाच्या जागी, १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा, आणि नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध. जव रब्बीचा, मुरलेल्या ओलीवर किंवा पाटाच्या पाण्यावर येणारा. हुलगा खरिपाचा, हलक्या जमिनीतही तग धरणारा. म्हणजे त्या शेतकऱ्याने वर्षाचे दोन्ही हंगाम वापरले होते. इ.स.पू. १००० नंतर ही गावं खालावली. त्याचं कारण म्हणून वाढत्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं जातं, आणि ते अगदीच खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण पाऊस कमी झाला म्हणून पीक बदललं, एवढ्यावर थांबलं की शेतकरी दिसेनासाच होतो. कुठली जमीन जवाला द्यायची आणि कुठली गुरांच्या चाऱ्याला, हे ठरवणारं कोणीतरी त्या घरात होतं. मला त्याचा निर्णय हवा आहे.

अहवालात मी लिहिलं: ‘राळ्याच्या वंशातलं बी, टरफलासह, काही नमुने निश्चितपणे शेणातून.’ एक दाणा कार्बन कालमापनाला पाठवायची विनंती केली आहे, कारण उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या खोल भेगांतून आजचं बीही खाली जाऊ शकतं. दाणा जळका आहे म्हणून तो जुनाच, असं मी धरत नाही. पुढच्या हंगामासाठी चुलीची, धान्याच्या बळदाच्या तळाची आणि गोठ्याच्या जमिनीची माती वेगवेगळी मागितली आहे. बळदात हाच दाणा कांडलेला मिळाला तर लोक तो पेरून खात होते. नुसत्या चुलींतच मिळत राहिला तर बहुधा तो गुरांचा. चूल आणि बळद सरांनी मान्य केलं. गोठ्याबद्दल त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.