डिलक्स खोलीचा हिशोब

शेवाळलेल्या अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या नंदगडकडच्या एक मावशी बेळगावात आमच्या रुग्णालयात भरती झाल्या. मुलाने माझ्या विमा डेस्कवर पॉलिसी ठेवली. विमा रक्कम ३ लाख, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला त्याच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. त्याला हवी होती ५,००० ची डिलक्स. "वरचे दोन हजार मी भरतो की ओ. पाच दिवसांचे दहा हजार, त्यात काय?"

गोची तिथेच असते. खोली बदलली की आमच्याकडे सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे दर चढतात. म्हणून कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही, हे खर्चही ५,००० ला ३,००० या प्रमाणात, म्हणजे तीन-पंचमांशच देते. कागदावर मांडून दाखवलं. ३,००० च्या दोघांच्या खोलीत पलंगही रिकामा होता. नको म्हणाला.

मग नेहमीचा प्रश्न, "महाराष्ट्राची फुले योजना चालते ना?" म्हणजे मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना. कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी ती जाहीर झाली खरी, पण रुग्णालय योजनेच्या पॅनलवर लागतं. आम्ही नव्हतो.

कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला द्यावं असा अर्ज, एक्स-रे, अंदाजपत्रक कंपनीला पाठवलं. उलट विचारणा आली: पडताना रुग्ण दारूच्या अमलाखाली नव्हता, असं डॉक्टरांचं पत्र द्या. अपघात म्हटला की हे मागतातच. मावशी ६८ वर्षांच्या, माळकरी! पत्र दिलं.

पाचव्या दिवशी बिल झालं २ लाख. भाडं २५,०००, सर्जन-थिएटर वगैरे ९०,०००, कृत्रिम सांधा ४५,०००, औषधं आणि साहित्य २८,०००, तपासण्या १२,०००. कंपनीने सरसकट ४० टक्के कापले. हे चूक. इम्प्लांट (इथे कृत्रिम सांधा), औषधं आणि साहित्य, तपासण्या यांना खोलीभाड्याच्या प्रमाणातली ही कपात लागत नाही, विमा नियामकाचा २०२० पासूनचा नियम आहे. नियमाचा हवाला देऊन मेल टाकला. दोन तासांत ३४,००० परत जोडले गेले.

तरी घरच्यांवर ४९,२०० आलेच: भाड्याचे १०,०००, सर्जन-थिएटरचे ३६,००० आणि डायपर, हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे ३,२००.

मुलाने माझा पहिल्या दिवशीचा कागद खिशातून काढला. त्यावर ३६,००० चा आकडा होता, गोल करून. काही बोलला नाही, कार्ड पुढे केलं. पावती देताना एवढंच सांगितलं, फिजिओथेरपीची बिलं फेकू नका, तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेत. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र जोडा.