धारेपासून कमळजेपर्यंत

आईचे गुडघे गेल्यापासून ती धारेपाशीच बसते. लोणारला गेलो की गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरते, तोंडावरून हात फिरवते आणि कठड्याला टेकून ओटीची पिशवी माझ्याकडे देते. "जाय तू. कमळजेले सांग, माय वरतूनच पाया पडली म्हणाव." मग मी एकटी खाली, सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या देवळाकडे उतरते.

गेल्या महिन्यात शाळेत मधल्या सुट्टीत विषय निघाला, जगातली सगळ्यात आवडती जागा कोणती. कुणी काश्मीर म्हणालं, कुणी गणपतीपुळे. एक सर मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेत, त्यांनी नायगाराचं वर्णन केलं. मी लोणार म्हणाले. "ते तर तुमच्या मेहकरच्या शेजारीच आहे," असं म्हणून विषय पुढे गेला. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मेहकरहून एसटीनं तासाभरात लोणार येतं. वाटेत डोंगर नाही, घाट नाही, नुसती सोयाबीन आणि तुरीची शेतं. गाव संपतं आणि जमीनच संपते. समोर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा गोल खड्डा, तळाशी हिरवट पाणी. काठाची जमीन आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, आदळला तेव्हा आतला खडक उचलला जाऊन बाहेर पडला, त्याची ही कड. काही ठिकाणी थर चक्क पालथे पडले आहेत, खालचा वर आणि वरचा खाली.

उतरायला लागलं की आधी गाड्यांचे हॉर्न थांबतात. मग लाउडस्पीकर. अर्ध्या वाटेवर मोर आणि माकडं सोडून काही ऐकू येत नाही. साग, चिंच, सीताफळ यांच्या सावलीतून पाऊलवाट जाते, मध्येच वेड्या बाभळीचे काटे. खाली पोचून वर पाहिलं की आभाळ गोल दिसतं, चारी बाजूंनी कड्याची किनार. शेत नाही, घर नाही, रस्ता नाही. मी घाटावरची सपाट रानं पाहत वाढलेली मुलगी, माझ्यासाठी क्षितिज हे कायम लांब असतं. ते इथे जवळ येतं आणि मला वेढून घेतं. मला ही जागा आवडते ती सगळ्यात आधी एवढ्यासाठी. काठाशी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, चिखलात पाय रुततो. पहिल्यांदा येणारे नाक दाबतात. मला मात्र तो वास आला की पोचल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा आले तेव्हा सात वर्षांची होते. धाकट्या भावासाठी केलेला नवस फेडायला नवरात्रात सगळं घर आलं होतं. आजीनं उतरता उतरता लवणासुराची गोष्ट सांगितली. तो इथे जमिनीखाली लपला होता, विष्णूनं वरचं झाकण अंगठ्यानं उडवलं आणि त्याला मारलं. पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि खार म्हणजे त्याचं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच विष्णूचं. कमळजेच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीरही तिनं दाखवली. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. त्यात सासू कोणती आणि सून कोणती, यावर आई आणि आजीचं परतीच्या वाटेत बराच वेळ चाललं होतं.

बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा कळलं की या खड्ड्यावरून मोठी माणसंही शंभर-दीडशे वर्षं एकमेकांशी वाद घालत होती. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. सगळा मुलूखच लाव्हाच्या काळ्या पत्थराचा, तेव्हा हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं पुष्कळांना वाटत होतं. मग तळात छिद्रं घेऊन खडक काढले. त्यात चुरा होऊन पुन्हा बांधलेले दगड आणि मॅस्केलिनाइट ही काच सापडली. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळताच प्रचंड दाबानं काचेसारखं होतं, ती ही काच. इतका दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात तो शोधनिबंध आला. चंद्रावरची काळी मैदानंही बेसाल्टची, म्हणजे अशाच लाव्हाच्या पत्थराची, त्यामुळे तिथले खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. ज्या दगडावर बसून आम्ही नवसाची पुरणपोळी खाल्ली, त्याचे तुकडे कुणीतरी चंद्रासाठी तपासत होतं, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

या खड्ड्याच्या वयाचा आकडा मी बरीच वर्षं वर्गात 52 हजार वर्षं असा शिकवला. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय मोजलं तेव्हा तो सुमारे 5 लाख 70 हजार निघाला. मी फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग खड्डा एकदम म्हातारा झाला का?" त्याच्या पुढचा सगळा तास मी त्या एका प्रश्नावर घेतला.

सातवी-आठवीची मुलं घेऊन मी येते तेव्हा गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून आणते. एक पट्टी धारेच्या पाण्यात बुडवायची, ती पिवळीच राहते. दुसरी खाली सरोवराच्या काठाला. तिथे ती बघता बघता लाल होते. पाण्याचा सामू, म्हणजे pH, दहाच्या आसपास आहे; सातच्या वर गेला की पाणी अल्कधर्मी. धार गोडी आणि तळं खारं, मधे फक्त एक उतार. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ते उन्हानं उडतं आणि खार मागे राहतो. मुलं गप्प होतात. फळ्यावर सामू लिहून ती कधी इतकी गप्प झाली नव्हती.

तशीच एक लाल पट्टी मी आईला नेऊन दाखवली. तिनं ती उन्हात धरली. "हळदीच्या पातळाले साबण लावला की असंच होते," ती म्हणाली. "पाण्यात खार असंन." मी काही समजावून सांगायच्या आतच ती मोकळी झाली होती. जुन्या गॅझेटियरमध्ये लोणारच्या खाराच्या जाती दिल्या आहेत, डल्ला, खुप्पल, पापडी. तो साबणाला आणि बांगड्यांना जायचा. मी ते वाचून दाखवलं तर पापडी हा शब्द तिच्या ओळखीचा निघाला.

2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मोबाइलवरचे फोटो पाहून आई म्हणाली, लवणासुराचं रगत वर आलं. मी पुण्याच्या आघारकर संस्थेच्या अहवालाची वाट पाहिली. पाणी आटून खार वाढला, मिठात जगणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा रंग पाण्याला आला. ते तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा निवळलं. आईला मी हे सांगितलं, तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "एवढ्या खारात जगतात? खातात काय?" त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तेव्हा शाळेत मी पेढे वाटले.

आता मला काळजी वाटते ती पाण्याचीच. गेल्या काही वर्षांत ते वाढत चाललंय. बाहेरून गोडं पाणी येत राहिलं की खार पातळ होणार. जे जीव फक्त खारात जगतात त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. गावाचं सांडपाणी उताराला लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. मी हे प्रत्येक सहलीत मुलांना सांगते आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चढतो.

यंदा गेले तेव्हा पाणी कमळजेच्या देवळाला टेकलं होतं. नारळ, खण आणि तांदूळ मी अलीकडच्या एका दगडावर ठेवले, निरोप सांगितला आणि वर आले. आई तिथेच होती, शेजारच्या बाईशी बोलत.

"पाणी कुठवर आलं?"

मी सांगितलं.

तिनं हातानं अंतर दाखवलं. तिच्या लग्नाच्या साली देवळापासून पाण्यापर्यंत चाळीस बायकांची पंगत बसली होती, तरी पुढे जागा उरली होती. मग माझ्या खांद्याला धरून उठली. धारेखाली पुन्हा एकदा हात धुतला, आणि आम्ही स्टँडकडे निघालो.