लांबचा हायवे, झोप आणि ताईचा नियम

नुकताच गाडीने एक लांबचा प्रवास करून आलो, जाऊन येऊन जवळजवळ सगळा हायवेच. रूटचं वर्णन करत बसत नाही, एकसुरी सरळसोट चौपदरी रस्ता होता एवढं पुरे. लिहायचंय ते झोपेबद्दल, कारण असा प्रवास करणाऱ्यांचं सगळं लक्ष टायर, कूलंट, फास्टॅग यांच्याकडे असतं आणि चालवणारा माणूस तसाच राहतो.

गाडीत आम्ही चौघं. मी, बायको, ताई आणि दाजी. चालवणारे मी आणि दाजी. निघायच्या आदल्या दिवशीच ताईने नियम करून टाकला, की स्टिअरिंगवर जो असेल त्याला थांबायचं की नाही यात मत नाही, बाजूच्या सीटवरचा म्हणेल तेव्हा पुढच्या सेफ जागी गाडी घ्यायची, चर्चा बंद. दाजी हसले, "म्हणजे चालवणार मी आणि ठरवणार तू?" ताई म्हणाली, "हो." विषय संपला.

आणि खरं सांगतो, नियम बरोबर आहे. झोप यायला लागली हे माणसाला साधारण कळतं, पण ती किती जवळ आलीय हे नाही कळत. मायक्रोस्लीप म्हणतात तो प्रकार काही सेकंदांचाच असतो, कधी कधी डोळे उघडे असतानाही होतो आणि झाला होता हे नंतर आठवतही नाही. ताशी १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चार सेकंद गेले की ११० मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. ज्या डोक्याला झोप आलीय त्याच डोक्याला "तुला झोप आलीय का" विचारून काय उपयोग, ते नाहीच म्हणणार.

निघायची वेळ आम्ही मुद्दाम सहाची ठेवली. पहाटे तीनला निघू, रस्ता रिकामा मिळेल, असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे दाजी. पण रात्री २ ते सकाळी ६ या वेळात शरीराचं घड्याळच झोपेच्या बाजूने असतं, तुम्ही कितीही उत्साहात असलात तरी. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर ऑफिस करून रात्री निघणं. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी मोजून दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताची आणि लक्षाची अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. आता हिशोब करा, सकाळी ६ ला उठलेला माणूस रात्री ११ ला तिथे पोचलेला असतो, आणि आपण तर त्याच वेळेला बॅगा डिकीत टाकून "चला, सकाळपर्यंत पोचू" म्हणतो. तेव्हा पॅकिंग आदल्या दुपारी संपवा आणि जो आधी चालवणार आहे त्याला लवकर झोपायला पाठवा, त्याच्याकडून रात्री अकराला गाडी धुवून घेऊ नका.

सकाळचे तास छान गेले, त्यात सांगण्यासारखं फार नाही. साधारण दोन तासांनी थांबायचं, खाली उतरून चालायचं, ड्रायव्हर बदलायचा. पाणी भरपूर प्यायचं, त्याचा एक फायदा असा की आपोआप थांबावंच लागतं. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला स्पीड गाडी स्वतःच धरून ठेवते ते, लावायचा मोह झाला पण मी लावला नाही. पाय मोकळा, हात नुसते टेकवलेले, समोर तोच रस्ता, मेंदूला कामच उरत नाही. ज्यांना आवडतो त्यांनी लावावा, पण जेवणानंतर नको.

खरा प्रकार दुपारी झाला. दुपारी २ ते ४ ही झोप येण्याची दुसरी वेळ, ती जेवणामुळेच येते असं आपल्याला वाटतं पण कमी जेवलात तरी येते, पोटभर जेवलात तर जास्त जोरात येते एवढंच. दाजी चालवत होते आणि मी त्यांच्या बाजूला. आधी त्यांनी सीट मागे घेतली, मग पुढे घेतली. मग मानेवरून हात फिरवला. बोलत होते ते हळूहळू "हं" वर आलं. काटा ९० वरून ७५ वर यायचा, मग त्यांच्या लक्षात आलं की एकदम ९५, परत ७५. पापण्या मिटायला नेहमीसारख्याच मिटत होत्या पण उघडायला वेळ घेत होत्या, बाजूने बघितलं तर हे स्पष्ट दिसतं, स्वतःला कधीच दिसणार नाही. मी विचारलं, आत्ता कुठला बोर्ड गेला? सांगता आलं नाही. "दाजी, पुढच्या पंपावर घ्या." "अरे अजून तासभर आरामात जाईन मी." मागून ताईचा आवाज, "अहो, मत नाही." घेतली गाडी पंपावर.

तिथे आम्ही जे केलं ते लक्षात ठेवा, प्रवासात एवढं एकच शिकलात तरी चालेल. आधी कॉफी प्यायची आणि लगेच झोपायचं, १५ ते २० मिनिटं, गजर लावून. उलटं वाटतं ना? पण कॅफिनला अंगात भिनायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, तोवर तुमची झोप काढून होते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं त्याने झोप येते, कॅफिन फक्त त्याची जागा अडवतं, ते कमी करायचं काम झोपच करते, दोन्ही मिळून घेतलं की एकट्या कॉफीपेक्षा चांगलं चालतं. इंग्लंडमध्ये लफबरा विद्यापीठात लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी १९९० च्या दशकात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हे तपासलं होतं. झोप लागलीच नाही, नुसती डुलकी लागली, तरी चालतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त मात्र नको, गाढ झोपेतून उठलं की डोकं बधिर होतं.

दाजींना उठवल्यावर लगेच स्टिअरिंग दिलं नाही. दहा मिनिटं चालले, तोंड धुतलं, आणि तरी पुढचा टप्पा मीच चालवला. झोपण्यासाठी गाडी हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर लावू नका, मागून येणारा झोपेत असेल तर तो थेट तुमच्यावर येतो. पंप, रेस्ट एरिया, उजेड आणि माणसं असलेली जागा बघा. दारं लॉक, काच थोडी खाली, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून बंद जागेत झोपलात तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, त्याला वासही नसतो.

काच उघडा, गाणी मोठ्याने लावा, तोंडात काहीतरी टाका, थोबाडीत मारून घ्या, हे सगळं मी लोकांना करताना बघितलंय. गार हवा आणि रेडिओ तर रेनर आणि हॉर्न यांनीच तपासलेत, फरक थोडा आणि तात्पुरता. हे उपाय मी एकाच कामासाठी वापरतो, पुढची थांबायची जागा येईपर्यंत तग धरायला. ती जागा ओलांडून पुढे जायला नाही.

दोन बारीक गोष्टी. एक, चारजण आणि एसी सतत रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा परत फिरवत, असेल तर आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि सगळेच पेंगतात, मागचे दोघं घोरायला लागले की आधी ते बटण बघा, अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या. दोन, सर्दीच्या गोळ्या. क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असलेल्या गोळ्या झोप आणतात, आणि आपण निघताना शिंका येतायत म्हणून एक घेऊनच बसतो. पाकिटावर नाव वाचा, केमिस्टला विचारा. आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता, झोपेत श्वास अडकतो, आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल तर वरचे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरकडे जा. हे मी घरातल्याच एकांना उद्देशून लिहितोय, त्यांना कळेल.

आता परतीचं. जाताना सगळेच शहाणे असतात, खरी गडबड येताना होते. सुट्टीत झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं, निघायला उशीर, आणि घर जवळ आलं की पाय आपोआप दाबला जातो. अंधार पडला तेव्हा आमचे दोन अडीच तास राहिले होते. मी चालवत होतो, मला अगदी फ्रेश वाटत होतं, ओळखीचा रस्ता, घरी जाऊन आपल्या गादीवर झोपू असं चाललेलं. बायको म्हणाली, "तू मगापासून लेनच्या डाव्या पट्टीला चिकटून चालवतोयस." मला तसं काहीच वाटलं नव्हतं. नियम तो नियम, पुढच्या गावात लॉज बघितलं आणि थांबलो. दाजी सगळ्यात आधी झोपले.

तुम्हाला जायचं असेल तर परतीच्या वाटेवरची रूम आधीच बघून ठेवा, कॅन्सल करता येणारी. बुकिंग असलं की थांबायला मन तयार होतं, नसलं की रात्री नऊला कोण शोधणार म्हणून लोक पुढे रेटतात. त्या संध्याकाळी चारनंतर कॉफी बंद, कारण कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो, मग रूम घेऊन छताकडे बघत पडाल. आणि पार्किंग आवारात आहे का ते फोनवरच विचारा, रस्त्यावर लावावी लागली तर सगळं सामान वर न्यावं लागतं आणि झोपेतला अर्धा तास त्यातच जातो.