बंडी उलाळ झाली होती: माझा ट्रेलरचा अनुभव

गाडीमागे जोडायचा कॅम्पिंगचा ट्रेलर पहिल्यांदा सोसायटीत आणला तेव्हा वॉचमन काकांनी गेट उघडायच्या आधीच विचारलं, "साहेब, ट्राली तर आली, ट्रॅक्टर मागून येऊन राहिला का?" मी हसलो, पण खरं सांगतो, त्या दिवशी मलाही नीट माहीत नव्हतं की मी नेमकं काय विकत घेतलंय.

झालं असं की आमच्याकडे बोलेरो आहे आणि आम्ही पाच जण, मी, बायको, दोन पोट्टे आणि बाबा. थंडीत नागपूरच्या आजूबाजूला फिरायला इतकं आहे, खिंडसी, पेंचकडची गावं, उमरेड-कऱ्हांडला, वर छिंदवाड्याकडे तामिया, आणि आम्हाला हॉटेलात राहायचा कंटाळा, टेंट लावून राहायला आवडतं. पण पाच जणांचं सामान म्हणजे टेंट, गाद्या, शेगडी, पाण्याच्या कॅन, बाबांची खुर्ची (ती लागतेच), हे सगळं कॅरियरवर बांधलं की गाडी घाटात अशी झुलायची की मागे बसलेला धाकटा दरवेळी ओकायचा. छतावर वजन गेलं की गाडीचा तोल वर जातो हे पुस्तकात वाचायची गरज नाही, वळणावर पोटात कळतं.

मग रूफटॉप टेंटचा विचार केला. छान असतो, पण एक तर पाच जण मावत नाहीत, आणि दुसरं म्हणजे तो पुन्हा छतावरच. शिवाय सकाळी दूध आणायला गावात जायचं तर अख्खं घर घडी करून न्यावं लागणार. तिथून गाडी ट्रेलरकडे वळली.

पुढचे तीन महिने रात्री फक्त व्हिडिओ. ऑस्ट्रेलियातले लोक, त्यांच्याकडे हा प्रकार घराघरात, असं गाडीत घर घेऊन फिरणाऱ्यांना ओव्हरलँडर म्हणतात, तो शब्दच तिकडचा, शेकडो मैल गुरं हाकत नेणाऱ्या लोकांचा. त्यांच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर असं सरकन बाहेर येतं, सिंक, फ्रिज, मसाल्याचे कप्पे. मी आणि बायको ते कप्पे बघूनच खलास. इथंच माझी चूक झाली, मी ट्रेलर स्वयंपाकघराकडून निवडायला सुरुवात केली. निवडायला हवा होता हुकाकडून, म्हणजे हूक, धुरा, चाक, कमानी, वजन आणि सगळ्यात शेवटी मसाल्याचे कप्पे.

मध्ये एकदा कामठीकडे एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपचा ट्रेलर दिसला. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जे छोटे पाव टनाचे ट्रेलर होते त्या बांध्याचा. ते मूळ ट्रेलर पाण्यावर तरंगायचे, खाली बुच असायचं पाणी काढायला. जीव आला त्याच्यावर, पण ह्याचा पत्रा हाताने दाबला तर आत गेला.

दुसरा पर्याय हिंगण्याच्या रस्त्यावरचा ट्रॉली बनवणारा मिस्त्री. तो म्हणे, "भाऊ, आठ दिवसांत बनवून देतो, दहा क्विंटल टाकाल तरी हलणार नाही." मला तेच नको होतं. दहा क्विंटल सहन करणारा सांगाडा रिकामाच इतका जड की बोलेरोचा जीव त्यातच जाणार. आणि ट्रॅक्टरच्या पिनला जी ढिलाई असते ती 20 च्या स्पीडला ठीक, 60 ला प्रत्येक ब्रेकला मागून धक्का. पण मुख्य अडचण कागदाची. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये ट्रेलर हे मोटार वाहनातच धरलंय, म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे. घरी बनवलेल्याचं काय करणार? म्हणून शेवटी मंजुरीचे कागद देणाऱ्या एका बनवणाऱ्याकडूनच घेतला, दीड पट पैसे गेले, पण रस्त्यात कोणी हात दाखवला तर छातीत धस्स होत नाही. इन्शुरन्सवाल्यालाही आधी विचारून लेखी घ्या, नंतर भांडण्यात अर्थ नाही.

घेताना दोन गोष्टी मी हट्टाने करून घेतल्या आणि आज त्याच कामी येतात. एक, ट्रेलरची चाकं बोलेरोचीच, 215/75 आर 15, बोल्टही जुळणारे, आणि दोन चाकांमधलं अंतरही गाडीइतकं. त्यामुळे एक स्टेपनी दोघांना चालते, आणि चिखलात गाडीने पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर येतो, स्वतःची नवीन चाकोरी पाडत नाही. दुसरी, साधी पाट्याची कमानी. स्वतंत्र सस्पेन्शनवाला ट्रेलर दिसायला भारी आणि उड्याही कमी मारतो, पण सौंसरला रात्री आठ वाजता त्याचा पार्ट कोण देणार? पाट्याची कमानी तुटली तर कुठल्याही तालुक्याला कमानीवाला सापडतो.

हुकाला मी साधा 50 मिलिमीटरचा बॉलच ठेवला. खऱ्या दगडधोंड्यात जाणारे लोक चारही बाजूला फिरणारा हूक लावतात, कारण गाडी एकीकडे कलली आणि ट्रेलर दुसरीकडे, की बॉलवरची टोपी एका मर्यादेपर्यंतच पिळ खाते, पुढे काहीतरी वाकतं. आम्ही जातो ते पांदण रस्ते आणि नाले, तिथे बॉल चालतो, फक्त नाला तिरपा नाही तर सरळ उतरायचा. ब्रेक मात्र घेतला, युरोपात 750 किलोपर्यंत बिनब्रेकचा चालतो म्हणतात, पण मला सिल्लेवानीचा घाट डोळ्यासमोर होता. हा ओव्हररन प्रकार, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर हुकावर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात.

आता खरी गोष्ट. पहिली चक्कर सावनेरच्या दिशेने, फक्त ट्रायल. सगळं सामान भरलं होतं. केळवदच्या पुढे रस्ता मोकळा, काटा 70 ला गेला, बाजूने एक ट्रक सुसाट गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला. मला वाटलं थांबेल. थांबला नाही. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, आरशात ट्रेलर एकदा या बाजूला दिसतो एकदा त्या, आणि गाडीची शेपटीही त्याच्याबरोबर ओढली जाऊन राहिली. मी स्टेअरिंगने सावरायला गेलो आणि ते अजून वाढलं, कारण माझा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा. नशिबाने जोरात ब्रेक मारला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग सरळ घट्ट धरलं, 50 च्या खाली आल्यावर ते आपोआप शांत झालं. बाजूला घेतली गाडी. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त भीतीदायक होतं.

बाबा मागे बसले होते. काटोलकडच्या खेड्यात वाढलेले, पंधराव्या वर्षापर्यंत बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकलेला माणूस. ते खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, पुढच्या दांडीला हात लावून जरा उचलून पाहिली आणि म्हणाले, "अरे, बंडी उलाळ झाली तुही. समद सामान मांगं भरलं ना."

तीन महिने मी टंग वेट, नोज वेट, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वाचत होतो, आणि त्याला आपल्याकडे एक शब्द होता, तोही माझ्याच घरात. बंडीत मागे जास्त भरलं की जू वर उठतं आणि जोत्याचा फास बैलाच्या गळ्याला बसतो, म्हणून थोडं वजन बैलाच्या मानेवर पाहिजेच, बाबा म्हणे, "पण लय बी नाही, नाहीतर बैल बसते." हेच तर त्या व्हिडिओत सांगतात, एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हुकावर पाहिजे. कमी झालं की ट्रेलर शेपटी हलवतो, जास्त झालं की गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. एकूण वजन धरमकाट्यावर केलं, भरलेला 610 किलो. पण धरमकाटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने सांगतो, नाकावरचं, म्हणजे हुकावर पडणारं वजन त्यावर कसं कळणार, म्हणून कळमन्यात संत्र्याचं काम करणाऱ्या मित्राकडे गेलो, त्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, ट्रेलर एकदम लेव्हलमध्ये, दांडी टेकवली. 38 किलो. म्हणजे सहा टक्के. गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही, पाण्याच्या 20 लिटरच्या दोन कॅन सगळ्यात मागे, त्या लाडक्या स्वयंपाकघराच्या बाजूला. त्याच दोन कॅन पुढच्या पेटीत नेल्या, जवळपास दोन मीटर पुढे सरकल्या, काटा 71 वर. बाकी काही बदललं नाही. 40 किलो पाण्याने एवढा फरक पडतो. मग एक गोष्ट लक्षात आली की पाणी ट्रिपमध्ये संपतं, म्हणजे परतीच्या प्रवासात नाक पुन्हा हलकं. म्हणून आता निघताना 80 च्या आसपास ठेवतो आणि येताना बाबांची खुर्ची, कुऱ्हाड, जॅक सगळं पुढे.

(तरीही 65 च्या वर नेत नाही. समृद्धीवर तर नाहीच.)

रिव्हर्स शिकायला चार रविवार गेले. हिंगणा एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी रिकामे रस्ते असतात, तिथे दोन विटा मांडून प्रॅक्टिस. स्टेअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात हलवायचा, एवढंच तंत्र. पण छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो, तो झटकन दुमडतो, दुमडला की दुरुस्त होत नाही, परत पुढे घ्यायचं. पहिल्या रविवारी तर ट्रेलर मागे जायलाच तयार नाही, अडलेल्या बैलासारखा. मी रेस देतो, तो जागचा हलत नाही. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली, मागे रेटलं की ओव्हररन ब्रेक लागतोच, आधी खाली उतरून खटका अडकवायचा असतो. मेहुणा हे सगळं मोबाईलवर शूट करून राहिला होता, त्याला अजून माफ केलेलं नाही.

डिसेंबरात तामियाला गेलो. नागपूर, सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक कमीत कमी. तिथे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात विचारून मुक्काम, जंगलात कुठेही टेंट ठोकायचा नाही, व्याघ्र प्रकल्पात तर अजिबातच नाही, आणि शेतमालकाला विचारलं की बहुतेक वेळा सकाळचा चहा पण मिळतो.

ट्रेलरचा खरा फायदा तिथे कळला. पाताळकोट म्हणजे शेकडो फूट खोल दरी, भारिया लोकांची गावं खाली. तिथे ट्रेलर उतरवायचा हट्ट केला नाही. हूक सोडला, पुढचं छोटं चाक टेकवलं, चाकांना दगड लावले आणि फक्त बोलेरो घेऊन खाली गेलो. घर वर उभं, बाबा खुर्चीत उन्हाला, गोवऱ्या पेटवून रोडगे भाजत बसलेले. आम्ही संध्याकाळी आलो तेव्हा वांग्याची भाजी पण तयार. ज्या सरकत्या स्वयंपाकघरासाठी एवढा जीव टाकला, त्यावर त्या दिवशी फक्त चहा झाला.

परतताना एका ओढ्यातून गेलो, चाकाच्या मधोमध पाणी. मजा आली, पोट्ट्यांनी दोनदा न्यायला लावलं. पुढे वीसेक किलोमीटरवर सवयीने थांबून ट्रेलरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला हात लावला, उजवा कोमट, डावा चटका बसेल इतका गरम. धावून धावून तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. परासियाच्या अलीकडे एका ट्रॅक्टर मिस्त्रीकडे टोपी उघडली तर ग्रीसचं पांढरं ताक झालेलं. बेरिंग धुतली, पुसली, नवीन ग्रीस भरलं, दीड तास आणि तीनशे रुपये. आता ओढ्याआधी पंधरा मिनिटं थांबतो, हब गार होऊ देतो, आणि एक बेरिंग-सील जोड सोबत असते.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून क्रॉस लावा, हूक निसटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंगची वायर ढिली आहे. मी तीन बल्ब बदलले.

निघताना त्या शेतमालकाने विचारलं होतं, छिंदवाड्यापर्यंत तुरीचं एक पोतं नेता का, पाहुण्यांकडे द्यायचंय. पाणी संपलेलं, नाक हलकं झालेलंच होतं. मी पोतं उचलून मागच्या दाराकडे निघालो तर बाबा खुर्चीतूनच ओरडले, "समोर ठेव बे!"