माशांच्या शिडीचं तोंड कुठे ठेवायचं?

गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. तिथे मासा मुळातच वर जात नव्हता, त्यामुळे शिडीचा प्रश्नच नाही. पण बेळगाव भागातल्या एखाद्या नदीवर वीजघरासाठी ३ मीटरचा बंधारा घातला, की पावसाळ्यात अंडी घालायला वर निघालेला मासा तिथेच अडतो. माशांची शिडी बांधून हे टाळता येतं. शिडी म्हणजे बंधाऱ्याच्या कडेने पायरीपायरीने चढत जाणारे पाण्याचे हौद; मासा मधल्या भिंतींतल्या उभ्या फटींतून एकेक हौद वर जातो.

दोन हौदांतला पाण्याचा फरक १५ सेंटिमीटरच ठेवा. म्हणजे ३ मीटरला २० पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये १९ हौद. फटीतला वेग सेकंदाला साधारण १.७ मीटर होतो. फरक २० केला तर तो २ मीटरवर जातो आणि लहान मासे मागे पडतात. हौद २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, पाणी ८० सेंटिमीटर, उभी फट २५ सेंटिमीटर. सेकंदाला सुमारे २२० लिटर पाणी लागतं. हौद याहून आखूड केले तर पाणी नुसतं घुसळतं, माशाला दम खायला जागा उरत नाही. तळाशी गोटे रोवा, वाम त्यांच्या आडोशाने चढते.

सगळ्यात जास्त चुकतं ते शिडीचं खालचं तोंड, जिथून मासा आत शिरतो. मासा मोठ्या प्रवाहाकडे, म्हणजे टर्बाइनच्या पाण्याकडे जातो. तोंड तिथून वीस-तीस मीटर खाली काढलं तर त्याला ते सापडतच नाही. ते टर्बाइनच्या मोरीला लागूनच हवं, आणि टर्बाइन बंद असतानाही पाण्याखाली राहायला हवं.

वरच्या तोंडाला तिरके गज लावा. पुरात उसाचं पाचट येतं आणि एक फट तुंबली तरी अख्खी शिडी बंद पडते. जून ते सप्टेंबर रोज बघावं लागतं.