काकूंचे पत्र आणि कोपऱ्यावरची लाल पेटी

३० डिसेंबर २०२५ रोजी डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने शेवटची पत्रे वाटली आणि १६२४ पासून चालत आलेले काम थांबवले. आमच्या कोपऱ्यावरची लाल पेटी त्यानंतर दिसली नाही. हिशेब पाहिला तर निर्णयाला नावे ठेवता येत नाहीत. २००० साली येथे सुमारे १४० कोटी पत्रे जात, २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. सरकारी कागद तर २०१४ पासूनच डिजिटल पेटीत येतात. कोणत्याही दाखल्यासाठी येथे मला खेटे घालावे लागले नाहीत, याचे मला मनापासून कौतुक आहे. तरीही त्या रात्री काकूंचे ऑक्टोबरातले पत्र कपाटातून काढून मी पुन्हा वाचले.

काकू श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरून वर्षाला तीन-चार पत्रे लिहितात. फोन दर रविवारी होतो, पण फोनवर त्या 'सगळे ठीक आहे, तू जेवलास का' एवढेच बोलतात. घरची खरी बातमी कागदावरच येते. या पत्राच्या कडेला सुपारी सोलणाऱ्या बोटांचा तपकिरी डाग होता आणि आशीर्वाद संपताच मजकूर पोफळींकडे वळला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आगरातल्या निम्म्याहून अधिक पोफळी मोडल्या. काकांनी त्याच पावसाळ्यात, शेजारी अजून छपरे शाकारत असताना, नवी रोपे लावली. मी तेव्हा पैसे पाठवले, गेलो मात्र नाही. विमाने बंद होती, जाणे शक्यच नव्हते, आणि हे मी आजही ज्याला त्याला सांगत असतो. 'ओहोळाकडच्या ओळीत यंदा पहिले घड धरले,' असे काकूंनी लिहिले आहे. गाय व्यायली, कालवड झाली. विहिरीवर पंप बसला, पण रहाट काढू दिला नाही.

मग समासात, कागद आडवा धरून, बारीक अक्षरात: 'नारळ उतरवायला आता पाडेली बोलावतो. ह्यांनी माडावर चढणे सोडले.'

त्याच्या आदल्याच रविवारी काका माझ्याशी वीस मिनिटे बोलले होते.

आपल्याकडे टपाल उशिरा येते म्हणून मीही पुष्कळ बोललो आहे. पण देशात एक लाख चौसष्ट हजारांवर टपाल कार्यालये आहेत, त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत, आणि आमच्या ओटीवर टेकून चहा घेतल्याशिवाय पोस्टमन पुढे जात नाही, याचा मला अभिमान वाटतो.

येथे आता पत्रे एक खासगी कंपनी पोहोचवते. माझे उत्तर मी काल तिच्या दुकानात नेऊन दिले. माड सोडला तो गुडघ्यामुळे की कुठे पडलात म्हणून, असे काकांना विचारले आहे, आणि फोनवर सांगू नका, काकूंना लिहायला सांगा, असेही खाली लिहिले आहे.