आमची वाटचाल: सहलीतून काय काय गळत गेलं

डोंबिवलीत आमच्या अंदमान सहलींचं ऑफिस म्हणजे अजूनही राहत्या घराचा हॉलच. मी तिकिटं, बोटी, हॉटेलं बघतो; हिशेब आणि प्रवाशांचे फोन बायकोकडे. अंदमानच का निवडलं, तर सेल्युलर जेलमुळे. सावरकरांची कोठडी बघायला आपली माणसं आयुष्यात एकदा तरी तिकडे जातात, तेवढ्याच भांडवलावर आम्ही धंदा सुरू केला. जेल, लाइट अँड साउंड शो आणि उरलेल्या दिवसांत कोंबता येतील तेवढी बेटं. पोर्ट ब्लेअरला तेव्हा कुणी श्री विजयपुरम म्हणत नव्हतं.

दुसऱ्याच सहलीत विमानतळावर दणका बसला. आमच्यातल्या एका काकूंची बॅग बाजूला काढली. साडीच्या घडीत गुंडाळलेले चार पांढरे तुकडे निघाले, बोटभर लांब, फांद्या फुटलेले. मेलेलं प्रवाळ. "किनाऱ्यावर पडलं होतं रे, देवघरात ठेवणार होते." प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तुकडे जप्त झाले, समज देऊन सोडलं, पण काकू विमानात डोळे पुसत होत्या. चूक आमची होती. आम्ही सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून निघण्याआधीच्या रविवारी घरी बैठक असते. चहा-पोह्यांवर दोन तास. त्यातला निम्मा वेळ वांडूरवर जातो. तिथलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं, सुमारे २८१ चौरस किलोमीटर, पण पर्यटकांना जाता येतं ते जॉली बॉय किंवा रेड स्किन या बेटांपैकी एका वेळी एकाच बेटावर. वर्षाचे काही महिने हे उघडं, उरलेले ते, म्हणजे दुसऱ्याला तेवढीच विश्रांती. सोमवारी सगळंच बंद. जेटीवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक पुढे जाऊ देत नाहीत. पहिल्या वर्षी आमचा चिवडा, बाकरवडी, राजगिरा लाडू, सगळं पुड्यांसकट तिथेच राहिलं. बेटावर टपरीसुद्धा नाही, दुपारी एकेकाची तोंडं बघण्यासारखी! आता बायको वीस स्टीलचे डबे भरून देते. प्रवाळाला अपाय नको म्हणून सनस्क्रीन फासण्याऐवजी पाण्यात पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घाला म्हणतो. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, नैसर्गिक पुलापाशी ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून सरसकट हिंडू देत नाही. गाइड जिथे पाऊल ठेवेल तिथेच ठेवायचं.

बाराटांग बेट मात्र आम्ही सहलीतून पूर्ण काढून टाकलं, आणि ते महागात पडलं. चुनखडीच्या गुहा सुंदरच आहेत. पण तिथे नेणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांची रांग लागते, मग ताफ्यानेच निघायचं. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. सगळं सांगून नेलं होतं. तरी रस्त्याकडेला जारवांची दोन मुलं दिसली तशी आमची अख्खी गाडी डाव्या खिडक्यांना चिकटली आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी बिस्किटांचा पुडा काढून काच सरकवायला घेतली. ड्रायव्हर ओरडला म्हणून हात आत आला. गुहांबद्दल परतीच्या वाटेवर कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळी चर्चा त्या दोन मुलांची. रात्री हॉटेलवर मी आणि बायकोने ठरवलं, बास.

पुढचे दोन सीझन फोनवर एकच प्रश्न: "बाकीचे बाराटांग दाखवतात, तुम्ही का नाही?" पंचवीसचा ग्रुप अकरावर आला. एका सहलीत तर पदरचे पैसे गेले. मोकळ्या झालेल्या दिवशी आता चिडिया टापूला जातो. खारफुटी, पक्षी, संध्याकाळचा समुद्र. काहींना कंटाळा येतो, नाकारत नाही. पण वीसच्या वर माणसं आम्ही आता घेतही नाही. मोठ्या ग्रुपला सांगून ऐकवणं माझ्या घशाला झेपत नाही.

यंदाच्या नोव्हेंबरच्या सहलीत त्याच काकू पुन्हा येताहेत, या वेळी नातीला घेऊन. परवा फोन आला: "डबे मीच आणते स्टीलचे. पण शिंपले नुसते हातात घेऊन बघितले तर चालतील ना रे?"